मानधनाआधीचे मैदान

माळशिरस तालुक्यातील मुलींच्या खेळाचा इतिहास पाहताना दोन प्रश्न सोडवावे लागतात. खेळणाऱ्या मुलीला शिकवणारे कोणी भेटले का, हा पहिला. त्या खेळातून तिच्या हातात दोन पैसे आले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर या तालुक्याला बऱ्यापैकी लवकर मिळाले. शाळेचा क्रीडाशिक्षक, गावचे मंडळ आणि वरच्या वर्गातली एखादी ताई यांनी मिळून ते दिले. दुसऱ्याचे उत्तर यायला पिढ्या गेल्या, आणि आले तेही बहुतेक तालुक्याबाहेरून, मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर. चौदा ते अठरा या वयात खेळाडू घडतो. त्याच वयात मुलगी घरच्या रोजगाराला उपयोगी पडते आणि तिच्या लग्नाची बोलणीही सुरू होतात. खेळ सुटतो तो याच चार वर्षांत.

तालुक्याचे दोन चेहरे आहेत. नीरा खोऱ्यातील भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर एका भागात ऊस उभा राहिला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी इथे येऊन माळीनगर वसवले आणि १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर काढलेला हा देशातील अगदी सुरुवातीचा कारखाना. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूजला सहकारी साखर कारखाना आला आणि त्याच्या आधाराने शिक्षणसंस्था वाढल्या. दुसरा चेहरा कोरडवाहू आहे. माण आणि सांगोल्याकडचा हा पट्टा बाजरी, मेंढरे आणि टँकरवर जगत आला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांत या भागातील बायका-मुली मोठ्या संख्येने होत्या.

दोन्ही भागांत किशोरवयीन मुलीच्या श्रमाला दर ठरलेला होता. खुरपणी, बेणे तोडणे, कांदा काढणी, डाळिंबाची तोडणी या प्रत्येक कामाची हजेरी ठरलेली. सुट्टीच्या दिवशी मुलगी रानात गेली तर संध्याकाळी घरात पैसे येत. मैदानावर गेली तर बूट फाटत आणि भूक वाढे. मुलींचे खेळ मागे का राहिले हे सांगताना रूढी, परंपरा, लाज ही कारणे पुढे केली जातात आणि ती खोटी नाहीत. पण हजेरीचा हा हिशोब त्यांच्यापेक्षा जास्त मुलींना मैदानावरून घरी घेऊन गेला. नागपंचमीच्या झिम्मा-फुगड्यांना गावाने कधी अडवले नाही, कारण तो खेळ सणापुरता होता. रोज संध्याकाळी दोन तास मागणारा खेळ घराला परवडत नव्हता.

असा रोज दोन तास मागणारा आणि तरीही कमीत कमी खर्चाचा खेळ म्हणजे खो-खो. त्याच्या नियमांची पहिली जुळणी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ च्या सुमारास झाली. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम छापले. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, तेव्हा मैदानात फक्त पुरुष होते. महिलांची स्पर्धा त्यानंतर लगेच, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला सुरू झाली. अचला देवरे यांना १९७१ मध्ये आणि उषा नगरकर यांना १९७५ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोमध्ये मुलींच्या वाट्याला मान लवकर आला. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूंचे पुरस्कारही वयोगटानुसार ठरले. चौदा वर्षांखालील मुलींसाठी इला, अठरा वर्षांखालील मुलींसाठी जानकी, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई. मान मिळाला तरी मानधन नव्हते. इला पुरस्कार घेऊन घरी परतलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा खुरपे घेऊन रानात जाऊ शकत होती, आणि जातही होती.

माळशिरस तालुक्यात हा खेळ सर्वांत घट्ट रुजला तो वेळापुरात. हे गाव यादवकालीन अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरामुळे आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. खो-खोच्या मैदानावर ते याच देवाचे नाव घेतलेल्या अर्धनारी नटेश्वर क्रीडा मंडळामुळे ओळखले जाते. वेळापूरपासून फार लांब नसलेल्या पंढरपूर तालुक्यातील वाडीकुरोलीत वसंतराव काळे प्रशालेने मुलींचे संघ घडवले. सोलापूर जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खोला जो दरारा आला, त्यात अशा गावांचा वाटा शहराइतकाच मोठा आहे.

खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना सव्वा मीटरच्या आत उंचीचे दोन खांब, त्यांच्यामध्ये मधली पाटी आणि तिच्यावर आठ चौकोन. या आठ चौकोनांत आठ मुली एकाआड एक तोंडे फिरवून बसतात आणि नववी पाठलाग करते. चुन्याची फक्की, दोन खांब आणि मऊ केलेली जमीन एवढ्यावर सराव सुरू होतो. बॅट, जाळी, स्टिक असले काही विकत घ्यावे लागत नाही. सरावाची रीतही स्वस्तच. शाळा सुटल्यावर आधी मैदानावर पाणी मारायचे, खडे वेचायचे, मग फेऱ्या, मग बसण्या-उठण्याचा सराव. टाचा किती उचलायच्या, कोणता पाय पुढे ठेवायचा, खो मिळताच पहिले पाऊल कुठे टाकायचे, हे शिक्षक एकदा सांगतात. त्यानंतर रोजची शिकवणी वरच्या वर्गातली मुलगी करते. नवी मुलगी खांबावर वळताना हात सोडते आणि बाहेर फेकली जाते. ताई तिचा तळहात खांबावर दाबून धरते, कोपर वाकवायला लावते आणि तेच वळण दहा वेळा करून घेते. सूर मारून गडी बाद करणे हे पुस्तकातून शिकता येत नाही. गुडघे सोलल्यावरच ते येते, आणि सोललेल्या गुडघ्याला हळद लावणारी मुलगीही संघातलीच असते.

ही गुरुपरंपरा बिनपगारी होती, तरी ती पक्की होती. मार्गदर्शन करणारी मुलगी जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठी असल्यामुळे शिकणारीला तिच्यात आपले पुढचे रूप दिसे. घरच्यांनी बाहेरगावी पाठवायला नकार दिला, तर सरांच्या आधी तीच घरी जाऊन आईशी बोले. तिचे लग्न ठरले की मात्र साखळी तुटे आणि सरांना नव्याने सुरुवात करावी लागे. शाळांच्या क्रीडा इतिहासात करंडकांची नोंद असते, प्रशिक्षकांचीही असते. या मधल्या कडीची नोंद सहसा नसते, आणि ही उणीव मोठी आहे.

शिकवणाऱ्यांना शिकवणारी व्यवस्था महाराष्ट्रात जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. मुंबईत कांदिवलीला १९३८ मध्ये सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था निघाली. पुढे पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, त्याला चंद्रशेखर आगाशे यांचे नाव आहे. ज्यांचा साखर कारखाना श्रीपूरला धूर सोडत होता, त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयात गावोगावचे क्रीडाशिक्षक बी.पी.एड. करू लागले. खेळणाऱ्या मुलीला खेळाच्या जोरावर पगार मिळवून देणारी पहिली ठळक वाट हीच होती. बारावी, पदवी, बी.पी.एड. आणि मग एखाद्या कन्याशाळेत व्यायामशिक्षिका. अकलूजच्या जिजामाता कन्या प्रशालेसारख्या शाळांमुळे मुलींना मुलींच्या मैदानावर खेळता येऊ लागले आणि शिकवणाऱ्या बाईंची गरजही निर्माण झाली. पण ही वाट लांब होती. सोळाव्या वर्षी खेळणाऱ्या मुलीला पगारापर्यंत पोचायला आणखी सहा-सात वर्षे लागत, आणि पुढे अनुदानित शाळांतील शिक्षकभरती रखडू लागल्यावर तीही वाट अरुंद झाली. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये सहावी ते आठवीच्या शंभरांहून जास्त पट असलेल्या शाळांना कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक सांगितले. त्या जागांवर अनेक तरुण खेळाडू मुली आल्या. नेमणूक तात्पुरती आणि मानधन तुटपुंजे, म्हणून त्यातल्या थोड्याच टिकल्या.

शिकता शिकता कमावण्याची कल्पना या भागाला परकी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील मुलांना श्रमाच्या बदल्यात शिक्षण हे तत्त्व रुजवले. ‘कमवा व शिका’ ही योजना पुढे विद्यापीठांनी उचलली, आणि पुण्याच्या विद्यापीठात ती कर्मवीरांच्याच नावाने चालते. खेडेगावातून शहरात आलेली मुलगी ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत ठरलेले तास काम करून खानावळीचा खर्च काढू शकते आणि संध्याकाळी मैदानावर जाऊ शकते. ही सोय महाविद्यालयीन वयाची आहे. नववी-दहावीतल्या खेळाडू मुलीसाठी तशी योजना झाली नाही. कर्मवीरांच्या कल्पनेला शाळेच्या मैदानापर्यंत आणणे अवघड नव्हते. लहान मुलांच्या संघाला तासभर शिकवणे, स्पर्धेची आखणी करणे, गुणलेखक म्हणून बसणे या कामांचे पैसे मोठ्या मुलींना देता आले असते. ही कामे त्यांनी तशीही केलीच, फुकट केली.

खेळाच्या जोरावर नोकरी ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या मुलींनी आधी पाहिली. रेल्वे, बँका, एअर इंडिया आणि तेल कंपन्या यांनी कबड्डी, खो-खो, हॉकी आणि क्रिकेटच्या महिला खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. राज्य सरकारने १९९४ च्या महिला धोरणात नोकऱ्यांमध्ये स्त्रियांना ३० टक्के आरक्षण दिले. ३० एप्रिल २००५ च्या शासननिर्णयाने प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव झाल्या. या दोन निर्णयांचा एकत्रित परिणाम तालुक्याच्या मैदानांवर दिसला. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र पूर्वी काचेच्या चौकटीत भिंतीवर लागत असे. आता ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपले जाऊ लागले, कारण नोकरीच्या अर्जाला ते जोडायचे होते. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांमुळे पालकही थोडे नरमले.

प्रमाणपत्राला किंमत आली तशी त्याची बनावटही आली. २०२० नंतरच्या काही वर्षांत राज्यात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे उघड झाली, आणि कधी मैदानावर न उतरलेल्यांच्या नावावर ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांतील प्रावीण्य सापडले. त्यानंतर पडताळणी कडक झाली. फसवणूक कोणी केली आणि कागद जुळवत कार्यालयांच्या पायऱ्या कोणाला झिजवाव्या लागल्या, याचा विचार केला तर खऱ्या खेळाडू मुलींवर दुहेरी अन्याय झाला.

शेजारच्या दोन तालुक्यांनी माळशिरसच्या मुलींना दिसतील अशी उदाहरणे घडवली. माणमधील मोही गावची ललिता बाबर लांब पल्ल्याची धावपटू म्हणून पुढे आली, रेल्वेत नोकरीला लागली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिली आली आणि मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१५ मध्ये वुहानला तिने आशियाई अजिंक्यपद जिंकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पुढे राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी पदावर घेतले. फलटण तालुक्यातील आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत हॉकी शिकली आणि भारताच्या संघात गेली. पुण्यातील बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभे राहिले होते, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर राज्याने सुरू केलेल्या शिवछत्रपती क्रीडा प्रबोधिनीने निवडलेल्या मुलामुलींना राहणे, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण एकाच छताखाली दिले. तिथे हातात पगार पडत नसे. पण मुलीच्या जेवणाचा आणि शिक्षणाचा भार घरावरून उतरला की तिची हजेरी बुडाल्याची खंत कमी होते. प्रबोधिनीचे खरे मोल इथे आहे.

म्हसवडच्या माणदेशी संस्थेने खेळांचा उपक्रम सुरू केल्यावर ग्रामीण मुलींना घराजवळ प्रशिक्षण मिळू लागले. म्हसवड माळशिरसच्या हद्दीपासून फार दूर नाही. चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली होती. बायकांच्या हातात पैसा यावा म्हणून झटणाऱ्या संस्थेने मुलींच्या हातात भाला आणि हॉकी स्टिक द्यावी, यात एक सरळ संगती आहे.

सर्वांत जास्त मुलींना मैदानावर आणले ते मात्र पदकाच्या आशेने नव्हे. पोलीस भरतीने आणले. शिपाई पदासाठी मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. एकूण ५० गुणांपैकी २० गुण ८०० मीटरला. गेल्या दोन दशकांत माळशिरस, नातेपुते, अकलूज परिसरात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुली दिसू लागल्या. त्यांच्यातल्या कित्येकींनी कधी स्पर्धेत भाग घेतलेला नव्हता. भरतीच्या अकादम्यांत आधी निवड झालेली मुलगी सुट्टीवर आली की पुढच्या तुकडीला धावायला घेऊन जाते, वेळ लावते, पहिल्या फेरीत दम कसा राखायचा ते दाखवते. खो-खोच्या पाटीवरची ताई इथे खाकी गणवेशात परत भेटते, आणि आता तिच्याकडे पगाराची पावती असते. मुलीला मैदानावर पाठवावे की नाही या प्रश्नावर गावात इतके पटणारे दुसरे उत्तर नाही.

कुस्तीचा मार्ग वेगळा. या खेळात पैसा पहिल्यापासून होता. जत्रेच्या फडात हलगी वाजते, पुकारणारा जोडी पुकारतो, नारळावरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि इनामाची रक्कम वाढत वाढत शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत जाते. जिंकणाऱ्याच्या हातात लोक तिथल्या तिथे नोटा ठेवतात. अकलूज ही कुस्तीची जुनी पेठ आहे. त्रिमूर्ती केसरीसारख्या स्पर्धांनी ती नावारूपाला आली आणि २०११ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धाही अकलूजला झाली, ज्यात नरसिंग यादव पहिल्यांदा महाराष्ट्र केसरी झाला. पण आखाडा मुलग्यांचा होता. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून भरते. महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा भरली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बासष्ट वर्षांचे हे अंतर आहे.

गावच्या फडांनी मात्र इतकी वाट पाहिली नाही. राष्ट्रकुल आणि ऑलिंपिकमध्ये भारतीय मुली पदके आणू लागल्यावर पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांच्या हँडबिलांवर मुलींच्या कुस्त्या झळकू लागल्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर किंवा वस्तादाबरोबर फडावर येते, डोक्याला माती लावते, कुस्ती करते आणि इनाम घेऊन पुढच्या गावाला जाते. हंगामात अशा अनेक कुस्त्या होतात. महाराष्ट्रातील खेळाडू मुलीच्या हातात अठरा वर्षांच्या आत रोख कमाई देणारा हा सर्वांत सरळ मार्ग म्हणता येईल. त्याला धोकेही आहेत. मातीतला फड आणि मॅटवरची स्पर्धा यांचे तंत्र वेगळे. दुखापत झाली तर विमा नसतो. हंगामात फार कुस्त्या धरल्या तर शाळा बुडते. तरीही दूध, बदाम, तूप यांचा खर्च स्वतःच्या कमाईतून भागवणाऱ्या मुलीचा घरातला आवाज बदलतो, हे नाकारता येत नाही.

कायद्याने या कमाईचा विचार केला तो उशिरा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. घरच्या कामातील मदतीबरोबरच कलाकार म्हणून केलेले काम आणि सर्कस वगळता क्रीडाविषयक काम यांना त्यात अटींसह सूट आहे. नियमांनुसार अशा बालकाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना धोकादायक नसलेले काम करता येते. म्हणजे खेळातून कमावणारी मुलगी कायद्याच्या चौकटीत बसते. फडावरच्या इनामाला हा नियम कोणी लावून पाहिल्याचे दिसत नाही.

अमेरिकेत १९७२ च्या एका कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी घातली आणि विद्यापीठांनी मुलींनाही खेळाच्या शिष्यवृत्त्या देणे भाग पडले. शाळकरी मुलीच्या खेळाला त्यामुळे घरच्यांच्या नजरेत किंमत आली. भारतात खेळ आणि विद्यापीठाची फी यांची अशी गाठ बसली नाही. इथे गाठ बसली ती खेळ आणि नोकरी यांची. त्यामुळे लाभ शेवटी, एकदम आणि मोजक्यांना मिळतो. धाराशिवच्या सारिका काळे यांचा प्रवास हेच दाखवतो. गरिबीतून आलेल्या या खो-खोपटूने चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली वर्षानुवर्षे खेळ केला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले. तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून तिला नोकरी मिळाली आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. शोभा नारायण यांना १९९८ चा अर्जुन मिळाल्यानंतर खो-खोला तो पुन्हा मिळायला बावीस वर्षे लागली होती.

तालुक्याची सर्वांत नावाजलेली खेळाडू मात्र खो-खोची किंवा कुस्तीची नाही. किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातील मिरे गावची, जन्म सप्टेंबर १९९४. ती आधी मैदानी खेळाडू होती. भालाफेक, गोळाफेक, धावणे यांत तिने नाव मिळवले आणि पुण्याला शिकायला गेल्यावर क्रिकेटकडे वळली. महिला क्रिकेटच्या आंतरराज्य स्पर्धांची सुरुवात पुण्यातच झाली होती. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या तीनच संघांत झाली. त्या पिढीच्या खेळाडू स्वतःच्या खर्चाने, विनाआरक्षण डब्यात बसून प्रवास करत. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आले, तेव्हापासून सामन्याचे मानधन नियमित झाले.

महाराष्ट्राच्या संघात पुरेशी संधी मिळेना, तेव्हा किरण पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडे गेली. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढे जाणारी ती पहिली भारतीय खेळाडू, पुरुषांसह. पुढच्याच महिन्यात पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये तिने ३४ चेंडूंत ६९ धावा ठोकल्या. सप्टेंबरमध्ये ती इंग्लंडमध्ये भारताकडून खेळली. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगसाठी यूपी वॉरियर्सने तिला ३० लाख रुपयांना घेतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध नागपूरला तिने ३४ चेंडूंत शतक केले. महिलांच्या टी-ट्वेंटीतील ते सर्वांत जलद शतक ठरले.

हे आकडे वाचताना तिच्या वयाचा आकडा बाजूला ठेवून चालणार नाही. गहुंज्याच्या त्या खेळीच्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती, लिलावाच्या वेळी अठ्ठावीस. फेकीचा खांदा आणि धावेचा वेग तिने किशोरवयात कमावला. खेळातून खरा पैसा आला तो दहा वर्षांनी. इतकी वर्षे तग धरण्याइतकी जिद्द आणि घरचा आधार तिच्याकडे होता. बहुतेकींकडे दोन्हींपैकी एक तरी कमी पडते.

क्रिकेटने हे अंतर कमी करायला सुरुवात केली आहे. २०२१ मध्ये देशांतर्गत वरिष्ठ महिला खेळाडूंचे मानधन १२,५०० वरून २०,००० रुपये झाले. एकोणीस वर्षांखालील मुलींनाही राज्यसंघाकडून खेळताना सामन्यागणिक मानधन मिळते, म्हणजे सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात खेळाची कमाई पाहू शकते. बाकी खेळांत केंद्राच्या खेलो इंडिया योजनेने निवडक खेळाडूंना महिना १०,००० रुपयांचा खर्चभत्ता सुरू केला, आणि त्यासाठी निवड होण्याचे दार २०१८ पासून भरणाऱ्या स्पर्धांतून उघडते. २०१९ ची स्पर्धा बालेवाडीला झाली आणि महाराष्ट्र पहिला आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी नेपाळला हरवून जिंकला. कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. २०२२ मध्ये बालेवाडीला सुरू झालेली अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग मात्र पुरुषांच्या संघांचीच निघाली.

वेळापूरच्या मैदानावर सराव करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला आज खेळातून पैसे मिळण्याचे मार्ग मोजके आहेत. खेलो इंडियाच्या यादीत नाव आले तर भत्ता. संघ जिंकला तर रोख बक्षिसातला वाटा. पुढे पंचपरीक्षा उत्तीर्ण झाली तर स्पर्धांत पंच म्हणून भत्ता. नोकरीसाठी प्रमाणपत्र, आणि त्यासाठी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचणे. त्यांतला पंचाचा भत्ता रकमेने सर्वांत लहान, पण तिला खेळातच ठेवणारा मार्ग तोच आहे. पंच झालेली मुलगी मैदान सोडत नाही आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलींच्या सरावालाही येते.